निम्म्या पोस्टकार्डाचा फोटो

फौजेच्या दफ्तरातून आलेल्या कागदावर सगळं टाइप केलेलं होतं, आणि टाइप केलेल्या मजकुराशी हुज्जत घालता येत नाही. कैदेत असलेल्या जवानाला घरच्यांनी एक फोटो पाठवला तर चालेल. एकच. तो पोस्टकार्डाच्या निम्म्याहून मोठा नसावा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला नसावा, मागच्या बाजूला काही लिहिलेलं नसावं, आणि त्यात पूल, रेल्वे स्टेशन किंवा कारखाना दिसू नये. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या देवाजीच्या दोन खोल्यांत पूल कुठून येणार होता, ते कागद लिहिणाऱ्यालाच ठाऊक. जयवंतानं कागद स्वतःशी एकदा वाचला, मग सासऱ्याला वाचून दाखवला.

"निम्मं पोस्टकार्ड म्हणजे केवढं वं?" देवाजीनं विचारलं.

जयवंतानं फळीवरचं एक कोरं कार्ड घेतलं, मधोमध दुमडलं आणि त्याच्या हातात दिलं. देवाजीनं मिलमध्ये तीस वर्षं माग चालवला होता, त्याचा पंजा मोठा. कार्ड तळहातावर ठेवलं तर तळहात चारी बाजूंनी उघडाच राहिला.

"याच्यात सगळं घर बसवा लागते?" तो म्हणाला आणि कार्ड उलटसुलट करून पाहत बसला.

ही गोष्ट बहात्तर सालच्या एप्रिलमधली. देवाजीचा एकुलता एक लेक चंद्रभान, म्हणजे जयवंताचा नवरा, फौजेत होता. त्याच्या लग्नाला दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. आधीच्या डिसेंबरात लढाई लागली आणि ती संपल्यावर तीन दिवसांनी तार आली की चंद्रभान बेपत्ता आहे. तार ऐकून त्याची आई तुळसाबाई अंगणात बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की तिसऱ्या गल्लीतून माणसं धावत आली. जयवंता रडली नाही. तिला आठवा महिना होता. ती आत गेली, चुलीवरचा भात उतरवला, निखारे विझवले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवशी तिच्या आत काहीतरी जे थिजलं ते थिजलंच.

"पोट्टी रडून नाई राहिली, हे काई बरं नाई," शेजारची कांताबाई म्हणाली. मग चारचौघींनी मिळून तिला रडवायचा उद्योग आरंभला. चंद्रभान लहानपणी कसा होता, लग्नात कसा दिसत होता, सगळं उगाळून झालं. त्या बोलायच्या आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावायच्या. जयवंता मान हलवून ऐकून घ्यायची आणि त्यांच्यासाठी चहा टाकायची.

जानेवारीत मुलगी झाली. तुळसाबाईनं तिचं नाव प्रेमिला ठेवलं. फेब्रुवारीत कळलं की चंद्रभान जिवंत आहे, पण सीमेपलीकडच्या कैदेत आहे, आणि मार्चमध्ये त्याचं पहिलं कार्ड आलं. त्यात प्रश्नच प्रश्न होते. पोरगा झाला का पोरगी? आईचा गुडघा कसा आहे? आईनं डोळे दाखवले का? आई उपाशी तर राहत नाही ना? शेवटी लिहिलं होतं, घरच्या सगळ्यांचा एक फोटो पाठवा.

तुळसाबाईनं ते कार्ड इतक्या वेळा वाचून घेतलं की जयवंताला ते पाठ झालं. कार्ड आल्यावर नवव्या दिवशी सकाळी तुळसाबाई कणीक मळत होती. छातीत कळ आली म्हणाली आणि भिंतीला टेकली. डॉक्टरला बोलवायला गेलेला माणूस परत येईस्तोवर सगळं संपलं होतं. जयवंतानं सासूच्या बोटांना लागलेली कणीक ओल्या फडक्यानं पुसून काढली, एकेक बोट करून. परात तिनं झाकून ठेवली. संध्याकाळी कणीक आंबली तेव्हा नेऊन टाकली. तेव्हाही ती रडली नाही आणि आता कांताबाईनं काही म्हणायचंही सोडून दिलं होतं.

चंद्रभानला काय लिहायचं हा प्रश्न देवाजीनंच मिटवला.

"लेकरू परक्या मुलखात कुलपात आहे," तो म्हणाला. "तिथं सांगून का होईल? रडाले कोणाचा खांदा नाई, पाठीवर कोणाचा हात नाई. त्याले घरी येऊ दे. माह्या तोंडानं सांगीन."

"अन् फोटो, मामाजी? सगळ्यांचा मागतला आहे त्यायनं."

देवाजीनं कार्डाची घडी नखानं दाबली. मग दुमडलेलं कार्ड फळीवर ठेवत म्हणाला, "बुढी पाह्यजे फोटोत. नाई त त्याले समजल्याबिगर राहणार नाई."

मेलेल्या माणसाला फोटोत आणायचं म्हणजे काही जादूटोणा नव्हे. त्या काळी ते फोटोवाल्याचं नेहमीचं काम होतं. जन्मात एकदाच फोटो काढलेली माणसं फार. तेव्हा लग्नाच्या फोटोतून आजोबा उचलायचे आणि नातवाच्या बारशाच्या फोटोत आणून बसवायचे, आणि लोकही ते कौतुकानं भिंतीवर लावायचे. सीताबर्डीच्या एका गल्लीत माडीवर मधुकररावांचा स्टुडिओ होता. चंद्रभानच्या लग्नाचा फोटो त्यांनीच काढला होता. देवाजी तो फोटो पिशवीत घालून, सुनेला आणि नातीला घेऊन भर उन्हात जिना चढला.

लग्नाच्या त्या फोटोत दोन खुर्च्यांवर देवाजी आणि तुळसाबाई बसलेले होते. देवाजीच्या मागं जयवंता उभी होती आणि तुळसाबाईच्या मागं चंद्रभान. तुळसाबाईचा जन्मातला तो एकच फोटो. दिव्याच्या भपक्याला घाबरून ती त्या दिवशी सारखी उठू पाहत होती. शेवटी चंद्रभाननं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला दाबून बसवलं होतं, आणि ती हसू दाबत कॅमेऱ्याकडे पाहत होती.

"बाई चांगल्या आल्या आहेत," मधुकरराव फोटो उजेडात धरून म्हणाले. "याचा फोटो घेतो, बाईंना खुर्चीसकट कापून काढतो अन् तुमच्या बाजूले बसवतो. तुम्ही फक्त तसेच बसा जसे लग्नात बसले होते."

पडद्यापुढं पुन्हा त्याच दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. जयवंतानं सासूच्या दुःखाचं पांढरं पातळ बदलून निळं नेसलं होतं. ती देवाजीच्या मागं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी प्रेमिलाला छातीशी धरलं. देवाजी बसायच्या आधी वाकला आणि बाजूची रिकामी खुर्ची त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं झटकून पुसली. मग स्वतःच्या खुर्चीवर टेकला आणि शेजारणीला लागू नये म्हणून कोपर आत घेतलं. मधुकररावांनी काळ्या कपड्यातून डोकं बाहेर काढून हे पाहिलं आणि परत आत घातलं.

आठ दिवसांनी जोडकाम पाहायला बोलावलं. मधुकररावांनी आधी वहीच्या पानाएवढा मोठा फोटो केला होता, डागडुजी त्याच्यावर करायची आणि मग त्याचाच लहान करायचा, अशी त्यांची रीत. जयवंतानं फोटो पाहिला. देवाजीच्या बाजूला तुळसाबाई बसली होती, हसू दाबत. पण तिच्यावर उजेड एकीकडून पडला होता आणि देवाजीवर दुसरीकडून. तिच्या खुर्चीचे पाय जमिनीला नीट लागत नव्हते. आणि तिच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं होती.

"हे," जयवंता म्हणाली.

मधुकररावांनी चष्मा वर करून पाहिलं. "हो. चंद्रभानची बोटं. पदराच्या काठावरच आली, कापली असती त बाईंचा खांदा गेला असता. असू द्या, तुमचीच वाटतील."

"माह्या दोन्ही हातांत पोरगी आहे."

मधुकरराव ओशाळले. एवढा मोठा कारागीर, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी बारीक कुंचला घेतला आणि तिच्यासमोरच त्या बोटांवर रंग चढवून त्यांच्या पदराच्या चुण्या केल्या. तरी नीट पाहिलं की चुण्यांच्या खाली बोटं होतीच.

"लहान होईल ना हे! लहान झालं की सगळे दोष पोटात जातात," ते म्हणाले. त्यांनी टेबलाच्या खणातून एक छोटा कागद काढून पुढं ठेवला. "हा पाहा, नमुन्याले म्हणून काल एक काढला. निम्म्या पोस्टकार्डात बरोबर बसते."

खरंच, त्यात काही म्हणता काही कळत नव्हतं. उजेड एक झाला होता, खुर्च्या जमिनीवर आल्या होत्या, बोटं तर शोधूनही सापडत नव्हती. पूर्ण घर बसलं होतं. जयवंतानं कागद डोळ्यांजवळ नेला. तिच्या हातातलं प्रेमिलाचं तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं झालं होतं. दोन काळे ठिपके म्हणजे डोळे असावेत. नाक नव्हतंच.

"पोरीचं तोंड मोठं नाई होणार का जी?" तिनं विचारलं. इतक्या महिन्यांत तिनं कोणाकडे काही मागितलं असेल तर ते हेच.

"माणसं वाढली की तोंडं लहान होतात, बाई. जागा तेवढीच आहे." मधुकररावांनी बोटांनी फोटो झाकून दाखवला. "बाईंना काढलं, तुम्ही अन् पोरगी तेवढे ठेवले, त पोरगी ह्याच्या तिप्पट होईल. नाक, जावळ, सगळं दिसन. मंग एकच फोटो जाणार म्हणता त तुम्हीच ठरवा."

देवाजी खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे रिक्षे पाहू लागला. बाप होता, आजाही होता, आणि ज्याची बायको जाऊन महिना झाला असा माणूसही होता.

"लहानच राहू द्या," जयवंता म्हणाली.

हे तिनं मोठ्या मनानं म्हटलं असं कोणी समजू नये. मन जागेवर असतं तर ती भांडली असती. आपल्या लेकीला तिचा बाप पहिल्यांदा पाहणार आणि त्याला एक दाणा दिसणार, हे तिला समजत होतं, पण समजून आत काही हलत नव्हतं. मधुकररावांनी प्रेमिलाला खेळवायला एक पितळी घंटी वाजवली. तुळसाबाईची एक मोठी तसबीर भिंतीवर लावायला म्हणून देवाजीनं सांगितली, आणि ती तिघं खाली उतरली.

फोटो दफ्तरात नेऊन दिला तेव्हा तिथल्या बाबूनं पट्टी लावून मोजला. सूतभर जास्त भरला. बाबूनं कात्रीनं पांढरी कड उडवली, पुन्हा मोजला आणि लिफाफ्यात सरकवला.

मग पत्रं सुरू झाली. म्हणजे खोटं सुरू झालं. जयवंता सातवी शिकलेली, घरात लिहिणारी तीच. दर पंधरा दिवसांनी ती दुपारी कार्ड घेऊन बसायची. पहिल्यांदा तिनं नुसतं लिहिलं, आई बऱ्या आहेत. पण तेवढ्यानं ते खरं वाटेना. बरी असलेली तुळसाबाई गप्प थोडीच बसणार होती! तेव्हा पुढच्या पत्रात जयवंतानं तिला कैऱ्या आणायला लावल्या. आईनं लोणचं घातलं, मीठ जास्त पडलं, पण कोणाला म्हणू देत नाही. त्याच्या पुढच्या पत्रात नळावर कांताबाईशी भांडण झालं, कारण कांताबाईनं आपली घागर मधे घुसवली. आई पोरीला ढमाबाई म्हणते. आई म्हणते, पोट्टीचे कान बापावर गेले.

एकदा पत्र लिहून झालं आणि ती ते टाकायला निघाली, तेव्हा दारात बसलेला देवाजी म्हणाला, "थांब वं. का म्हणाली बुढी आज?"

जयवंता थबकली. मग तिथंच बसून तिनं पत्र वाचून दाखवलं. देवाजी डोळे मिटून ऐकत होता. नळावरचं भांडण आलं तेव्हा तो गालात हसला आणि म्हणाला, "कांताबाई काई कमी नाई मा. तिनंही दिल्या अशीन दोन शिव्या. लिही ना ते." जयवंतानं कडेला बारीक अक्षरात ते लिहिलं. तेव्हापासून हा नेमच झाला. पत्र आधी घरातच वाचलं जायचं, मग पेटीत पडायचं. लिहिताना जयवंताला दुःख होत नव्हतं, सुख तर नाहीच. हात चालायचा एवढंच. पण त्या तासाभरात तुळसाबाई घरात असायची, हे मात्र खरं.

चंद्रभानचं पुढचं कार्ड जुलैत आलं. फोटो मिळाला. सगळे चांगले दिसता. बाबांना म्हणावं, पोटभर जेवत जा, एकट्यानं बसून राहू नका. प्रेमिलाला जपा. आईला जयभीम.

"फसला!" देवाजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "समजलं नाई त्याले. बरं झालं."

ऑगस्टमध्ये एक कार्ड आलं, ऑक्टोबरात एक. जयवंताला त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. पुष्कळ दिवसांनी तिच्या लक्षात आलं की आईच्या गुडघ्याचं तो आता विचारत नाही. डोळ्यांचंही नाही. आईला जयभीम, एवढंच शेवटी असायचं. आणि बाबांनी जेवावं, बाबांनी फिरायला जावं, असं दरवेळी. तिला वाटलं, कार्डावर सात ओळींचीच परवानगी आहे, सात ओळींत माणूस काय काय विचारणार! ती पुढचं पत्र लिहायला बसली आणि तिनं तुळसाबाईला दिवाळीच्या चिवड्यासाठी पोहे वाळवायला लावलं.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला कैदी सुटले. रेडिओवर ऐकून अख्खी गल्ली देवाजीच्या दारात जमली. फौजेनं त्यांना आधी दवाखान्यात ठेवलं, तपासलं, विचारपूस केली, आणि जानेवारीच्या मधल्या आठवड्यात चंद्रभान नागपूरला येतो असं पत्र आलं. देवाजीनं इतके दिवस जे पुढं ढकललं होतं ते आता दारात येऊन उभं राहणार होतं. तो गल्लीत घरोघर फिरला.

"तोंडातून शब्द काढू नका बाप्पा," तो हात जोडून सांगत होता. "त्याले घरात येऊ द्या, पाणी पिऊ द्या, मंग मी सांगतो."

तुळसाबाईची तसबीर भिंतीवरून उतरवली आणि लोखंडी पेटीच्या मागं ठेवून दिली. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींच्या शेजारी खिळा मात्र उघडा दिसू लागला, म्हणून जयवंतानं त्यावर एक कॅलेंडर अडकवलं. देवाजी दोन दिवस तोंडातल्या तोंडात पुटपुटत फिरत होता. काय बोलायचं ते तो पाठ करत होता. "बेटा, मन घट्ट कर" इथपर्यंत त्याला यायचं, त्याच्या पुढं नाही.

स्टेशनवर हार झाले, घोषणा झाल्या. चंद्रभान निम्मा झाला होता. गळ्यातल्या हारांमुळं तो अधिकच वाळलेला दिसत होता. घरापर्यंतच्या वाटेत सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या, त्याची प्रकृती विचारली, पण आईचं नाव कोणी काढलं नाही. कांताबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ती तोंडाला पदर लावून मागं सरली. त्यानंही कोणाला काही विचारलं नाही.

माणसं पांगली. आत चौघंच उरली. चंद्रभान पाणी प्यायला. प्रेमिला वर्षाची होत आली होती, तिनं या अनोळखी माणसाला पाहून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. तो तिला हात न लावता नुसता पाहत राहिला. मग उठून भिंतीकडे गेला, दोन्ही तसबिरींपुढं हात जोडून उभा राहिला. शेवटी त्याची नजर कॅलेंडरवर गेली. देवाजी मागं येऊन उभा राहिला.

"बेटा," तो म्हणाला. "मन घट्ट..."

"बाबा," चंद्रभान म्हणाला, "आईचा फोटो काहून काढून ठेवला? लावा ना."

देवाजी खाली बसला. चंद्रभान त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि त्याचे गुडघे धरले.

"कोणं सांगतलं तुले?" देवाजीनं विचारलं.

"तुम्हीच त पाठवलं."

त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. इतके महिने हाताळून त्याचे कोपरे गोल झाले होते. त्यानं तो जमिनीवर ठेवला.

"आला तेव्हा मले काही समजलं नाई," तो म्हणाला. "खुशीत होतो. सगळ्यायले दाखवला. पण पोरीचं तोंड दिसे नाई. लय प्रयत्न केला. मंग आमच्यात एक सुभेदार होते, त्यायचा चष्मा जाड काचेचा. तो मागून घेतला अन् फोटोवर धरला. रोज दुपारी तेच काम होतं, पोरीचे डोळे पाहाचे, कान पाहाचे. एका दिवशी काच सरकली अन् आईचा खांदा आला काचेखाली. पदराच्या चुण्या अशा उभ्या नसतात. मले वाटलं बोटं आहेत. मंग वाटलं, जयवंतानं हात ठेवला अशीन." त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. "पण तुह्या दोन्ही हातांत पोरगी होती. मंग बोटं कोणाची? दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी आठवलं. लग्नात आई उठून राहिली होती, मीच तिले खाली बसवलं होतं. बोटं माहीच होती."

बाहेर कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता.

"आई असती त तुम्ही तिले फोटोवाल्याकडे नेलं असतं," चंद्रभान म्हणाला. "जुन्या फोटोतून काहून काढलं असतं?"

इतके महिने पंधरा-पंधरा दिवसांनी कार्ड घेऊन बसणारी जयवंता, कैऱ्या आणणारी, पोहे वाळवणारी. "मंग मी जे लिहीत होती," ती म्हणाली, "लोणचं, अन् नळावरचं भांडण..."

"वाचत होतो ना. सगळ्या बराकीले वाचून दाखवत होतो. सुभेदार विचारत, तुमच्या आईचं अन् त्या कांताबाईचं मिटलं का." तो जरासा हसला. "मी गुडघ्याचं विचारणं सोडून देल्लं. विचारलं असतं त तुले आणखी खोटं लिहा लागलं असतं. वाटलं, आता तू बंद करशीन. पण तू लिहीतच राहिली. प्रत्येक कार्डात आई घरात फिरून राहिली होती. लय बरं केलं तू."

देवाजी उठला. पेटीच्या मागून त्यानं तसबीर काढली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काच पुसली, कडा पुसल्या, पुसतच राहिला. शेवटी चंद्रभाननं ती त्याच्या हातून अलगद घेतली, कॅलेंडर काढलं आणि तसबीर खिळ्यावर लावली. मोठ्या तसबिरीत मधुकररावांनी रंगाचं काम मन लावून केलं होतं, तिच्या खांद्यावर कुठंही काही दिसत नव्हतं. तुळसाबाई हसू दाबत सगळ्यांकडे पाहत होती.

जयवंता खोलीच्या मधोमध उभी होती, पोरीला दोन्ही हातांनी धरून. ती तसबिरीकडे पाहत होती आणि तिला कणीक आठवत होती, बोटांच्या बेचक्यांत वाळत चाललेली. तेवढ्यात मागून तिच्या खांद्यावर हात पडला. तिनं वळून पाहिलं नाही. त्या हाताच्या दोन बोटांचं वजन तिला पदरातून कळलं, आणि तारेच्या दिवसापासून आत थिजून बसलेलं सगळं एकदम सुटलं. ती इतक्या मोठ्यानं रडली की प्रेमिला दचकून तीही रडायला लागली.

दारात कांताबाई धावत आली. आत काय चाललंय ते तिनं पाहिलं, उंबऱ्यातच बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "रड वं माय. रडून घे."